कारैकुडी : जिथे घरांचे दरवाजे रस्त्यावर उभे असतात

दरवाजा म्हटला की त्याच्यामागे घर असणारच, असे आपण धरूनच चालतो. पण तमिळनाडूतल्या कारैकुडी गावी मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवर उतरलात, की हा समज पहिल्या पाच मिनिटांत मोडतो. दोन्ही बाजूंना जुन्या सामानाची दुकाने आणि दुकानांच्या भिंतींना टेकून उभे असलेले दरवाजे. पुरुषभर उंचीचे, दीड पुरुष उंचीचे, चौकटीवर हत्ती, पोपट, वेलबुट्ट्या आणि कमळात बसलेली लक्ष्मी कोरलेले. कडी आहे, कोयंडा आहे, उंबरठासुद्धा आहे. नाही ते फक्त घर.

दरवाजांच्या शेजारी सागवानी खांब आडवे रचलेले. त्यांच्या मागे तुळया, खिडक्यांचे गज, पाळणे, पितळी डबे आणि रंगीबेरंगी एनॅमलच्या भांड्यांच्या उतरंडी. एका खांबावर कोणीतरी खडूने लांबी-रुंदी लिहून ठेवली होती. आमचे ‘हे’ त्या खांबावरून हात फिरवत म्हणाले, ‘‘अगं, आपल्या ओटीचे खांब असेच होते.’’ आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

निमित्त एका टेबलाचे

खरे तर आम्ही निघालो होतो मदुराई-रामेश्वरच्या यात्रेला. कारैकुडी त्यात शिरले ते आमच्या लेकीमुळे. तिने पुण्यात नवा फ्लॅट घेतला आणि सगळे सामान मनासारखे जमवले. अडले ते जेवणाच्या टेबलावर. दुकानात मिळतात ती टेबले तिला नको होती. भुसा दाबून केलेल्या फळीवर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला, दोन पावसाळ्यांत कडा फुगणार. तिला हवे होते जुन्या लाकडाचे, आपल्या मापाने करून घेतलेले टेबल. हल्ली अशा वस्तूंची आवड वाढली आहे. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याला जुन्या लाकडी सामानाचा मोठा बाजार आहे. तिथे ती जाऊन आली, किमती ऐकून परत आली आणि मला म्हणाली, ‘‘आई, तुम्ही चेट्टीनाडच्या इतक्या जवळ जाताय, तर एखादा जुना दरवाजा बघा ना. वर काच टाकली की झालं टेबल.’’

मदुराईहून कारैकुडी सुमारे नव्वद किलोमीटर. मोटारीने दोन तास लागतात. वाटेत, कारैकुडीच्या अलीकडे बारा-एक किलोमीटरवर पिळ्ळैयारपट्टीचा गणपती आहे. डोंगराच्या खडकात कोरलेली ही दोन हातांची मूर्ती फार प्राचीन आहे. गणपतीचे दर्शन घेऊन कामाला निघालो, म्हणजे मराठी माणसाला शोभेल अशीच सुरुवात झाली म्हणायची.

समुद्रापारहून आलेला साग

दरवाजे बघण्याआधी ते ज्या घरांतून आले ती घरे बघावीत, असे आमच्या ड्रायव्हरचे म्हणणे पडले. तो याच भागातला. मोडक्यातोडक्या हिंदीत पण मन लावून माहिती सांगायचा. त्याने आम्हाला पंधरा किलोमीटरवरच्या कानाडुकात्तान गावी नेले.

हा सगळा मुलूख चेट्टीनाड म्हणून ओळखला जातो. नाट्टुकोट्टै चेट्टियार या व्यापारी आणि सावकारी करणाऱ्या समाजाची सत्तरहून अधिक गावे शिवगंगा आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांत पसरली आहेत. पाऊस बेताचा, जमीन कोरडी. अशा ठिकाणी एकेक घर असे, की एका रस्त्यावर पुढचे दार आणि मागच्या रस्त्यावर मागचे दार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९४० च्या सुमारापर्यंत ही घरे बांधली गेली.

काही घरे थोडे शुल्क घेऊन पुढचा भाग पाहू देतात. आत पाऊल टाकले आणि मला वाईजवळच्या आमच्या गावातला वाडा आठवला. तिथला ‘तिन्नै’ म्हणजे आपला ओटाच. वाटसरूने टेकावे, पाणी प्यावे, म्हणून बांधलेला. पुढे पाहुण्यांची बैठक. मग मोठा चौक, आणि चौकाच्या कडेने लग्न झालेल्या एकेका मुलासाठी एकेक खोली. त्यामागे जेवणाचा चौक आणि शेवटी स्वयंपाकघर. भिंती चुन्याच्या. त्या चुन्यात शिंपल्यांची पूड आणि अंड्यातला पांढरा बलक घालून घोटलेल्या, त्यामुळे आजही हात लावला तर संगमरवरासारख्या गार लागतात. पायाखाली शेजारच्या आत्तंगुडी गावात काचेवर ओतून हाताने केलेल्या रंगीत फरश्या. आणि डोक्यावर, खांबांत, दारांत, छतात सगळीकडे साग.

हा साग इथला नव्हे. तो आला ब्रह्मदेशातून. चेट्टियार मंडळी तिथे भातशेतीला कर्ज देत. १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, शेतकऱ्यांना कर्जे फेडता येईनात आणि गहाण जमिनी सावकारांकडे आल्या. त्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ब्रह्मदेशातली जवळजवळ पाव हिस्सा शेतजमीन चेट्टियारांच्या नावावर होती. परत येताना ते पैसा आणत तसे लाकूडही आणत.

त्या लाकडाची गोष्ट मोठी गमतीची आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून जंगलात झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि वरचे लाकूड कापून गोल खाच पाडायची आणि झाड उभ्याउभ्याच दोन-तीन वर्षे वाळू द्यायचे. मग ते तोडायचे, हत्तींनी ओढत नदीपर्यंत न्यायचे आणि प्रवाहात सोडायचे. ओंडके तरंगत तरंगत बंदरापर्यंत येत. तिथून जहाजाने बंगालचा उपसागर ओलांडून इकडे. म्हणजे सुताराचा हात लागण्याआधीच त्या लाकडाने अनेक वर्षांचा प्रवास केलेला असे.

मग हे सारे उलटले. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि लाखो हिंदी माणसे मिळेल त्या वाटेने, कित्येक तर पायी, मायदेशी निघाली. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, १९६२ मध्ये तिथे लष्करी राजवट आली, धंदे सरकारजमा झाले. जमिनी गेल्या, सावकारी गेली. चेट्टीनाडमध्ये उरली ती मोठमोठी घरे आणि ती झाडायलाही न परवडणारी माणसे.

वाटणी घराची होत नाही, लाकडाची होते

‘‘पण एवढी घरं मोडली कशी?’’ मी ड्रायव्हरला विचारले.

त्याने बोटे मोजून दाखवली. आजोबांचे घर एक. त्यांना मुलगे चार. नातू अकरा. पणतू चेन्नईत, सिंगापुरात, अमेरिकेत. घरावर सगळ्यांचा हक्क, आणि कौले बदलायची वेळ आली की कोणाचीच जबाबदारी नाही. सणाला, लग्नाकार्याला एकत्र येतात, दोन दिवस दिवे लागतात, पुन्हा कुलूप. एका पावसाळ्यात छत गळते, दुसऱ्यात वासा कुजतो. शेवटी कोणीतरी म्हणतो, विकून टाकू. घर उभे ठेवून त्याचे अकरा हिस्से करता येत नाहीत. मोडले की मात्र पैशांचे करता येतात.

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. कारण हे सारे आम्हाला नवीन नव्हते.

आमचा वाडा १९९८ मध्ये मोडला. पाच वाटेकरी होते. भिंत एका बाजूने खचली होती, दुरुस्तीला पैसे कोण घालणार यावर दोन वर्षे पत्रापत्री चालली होती. शेवटी एका ठेकेदाराला लाकूड, दगड, कौले सगळे एकगठ्ठा देऊन टाकले. आठ दिवसांत वाडा जमीनदोस्त झाला. सासूबाई त्या वाड्यात चाळीस वर्षे नांदल्या होत्या. त्यांना कोणी विचारले नाही. विचारले असते तरी त्यांनी ‘नको’ म्हटले नसते, त्या पिढीला तशी सवयच नव्हती. पण सगळे झाल्यावर एक दिवस भाजी निवडता निवडता त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘निदान पाळण्याची तुळई तरी ठेवायची होती.’’

माजघराच्या तुळईला लोखंडी कडी होती. घरातले प्रत्येक मूल त्या कडीच्या पाळण्यात वाढले. आमचे ‘हे’सुद्धा. ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारले नाही, आणि आमच्या दोघांच्याही मनातून ते कधी गेले नाही.

आसारींचा प्रश्न

दुपारी पुन्हा बाजारात आलो. मला एक दरवाजा मनापासून आवडला होता. दोन फळ्यांचा, वर गजलक्ष्मी, बाजूंनी वेल. किंमत जास्त होती, पण अगदी आवाक्याबाहेरची नव्हती. फोनवरून लेकीला फोटो पाठवला. तिचे लगेच उत्तर आले, ‘‘आई, घेऊन टाक!’’

दुकानामागच्या पडवीत एक वयस्क सुतार काम करत होते. इकडे सुताराला आदराने आसारी म्हणतात. एका जुन्या चौकटीची उभी बाजू घेऊन ते तिचा बाकाचा पाय करत होते. वरचा काळा, धुरकट थर रंध्याखाली सुटत होता आणि आतून मधासारखा सोनेरी रंग उजळत होता. चामड्यासारखा, थोडा तेलकट असा वास सुटला होता. शंभर वर्षांनंतरही सागाला तो वास असतो. त्यांनी एक ढलपी उचलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘तेक्कु.’’ तमिळ-मल्याळममधला हा ‘तेक्कु’ पोर्तुगीजांच्या तोंडी गेला आणि तिथून इंग्रजीत ‘टीक’ झाला.

ड्रायव्हरला मध्ये घालून मी त्यांना माझा बेत सांगितला. दरवाजाचे टेबल. त्यांनी हात पुसले, दरवाजापाशी आले, माझे बोट धरावे तसे बोलत बोलत एकेक दाखवू लागले. या दाराच्या मधल्या फळ्या पातळ आहेत. भार आहे तो कडेच्या चौकटीवर. आडवे ठेवून वर काच टाकली की मध्ये झोल पडणार. काचेखाली कोरीव कामात धूळ आणि मुंग्या साचणार, रोज काच कोण उचलणार? वेलीची नक्षी उभ्या दारासाठी कोरली आहे, येणाऱ्याच्या डोळ्यांना दिसावी म्हणून. ‘‘दार आडवं झालं, की ते मेलेल्या माणसासारखं दिसतं,’’ असे काहीसे ते म्हणाले. ड्रायव्हरने भाषांतर करताना जरा चाचरत केले. टेबल करायचे तर साधी तुळई घ्या, कापा, फळ्या जोडा. तुळईला रूप नसते, पण तिच्यात दळ असते.

मी खाली वाकून उंबरठा पाहिला. नक्षीच्या खाचांत पिवळे काहीतरी अडकले होते. नखाने खरवडले. हळद! कोणा बाईने वर्षानुवर्षे, सणावारी, या उंबरठ्याला हळदकुंकू लावले होते. दुकानदाराने दार धुतले, पुसले, तेल लावले, पण ती खाचांतली हळद काही निघाली नव्हती. आणि मी त्या लक्ष्मीवर काच टाकून वर आमटीचे पातेले ठेवायला निघाले होते.

‘‘तुम्ही कुठून आलात?’’ आसारींनी विचारले. ड्रायव्हरने सांगितले, महाराष्ट्रातून. ते साधेपणाने म्हणाले, ‘‘तिथे जुनी घरं नाहीत का?’’

त्यांना टोचून बोलायचे नव्हते. पण मला ते टोचले. परक्याच्या मोडक्या घराचे लाकूड मिरवायला मी हजार-बाराशे किलोमीटर आले होते, आणि स्वतःच्या घराचे लाकूड कुठे गेले हे मला ठाऊक नव्हते. दरवाजा न घेताच आम्ही निघालो. आठवण म्हणून दोन एनॅमलच्या वाट्या तेवढ्या घेतल्या.

गोठ्यातल्या दोन तुळया

घरी परतल्यावर ह्यांनी गावी चुलतभावाला फोन लावला. भाऊजी म्हणाले, ‘‘ठेकेदाराने चांगलं ते सगळं नेलं रे. टोकाला कुजलेल्या दोन तुळया आणि चार-सहा कड्या टाकून गेला होता. त्या गोठ्यावर टाकल्यात. गुरं आता नाहीत, गोठा पडायला आलाय. हव्या असल्या तर घेऊन जा.’’

पुढच्या रविवारी आम्ही गोठ्यात उभे. दोन्ही तुळया शेणाने, धुराने काळ्याठिक्कर पडलेल्या. पाळण्याची तुळई यातलीच का? ह्यांनी कडी शोधली. दोन्हींनाही कडी नव्हती. ‘‘नेली असेल लोखंडवाल्याने,’’ भाऊजी म्हणाले.

गावातल्या सुतारकाकांनी मात्र हातोडीने एक-दोन ठिकाणी ठोकून पाहिले, पटाशीने कोपरा तासला आणि खूश झाले. ‘‘वहिनी, हे लाकूड आता बाजारात मिळायचं नाही. टोकाचा दोन फूट भाग टाकून देऊ, बाकी हाडासारखं आहे.’’ सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. कुजतो तो फक्त जिथे सतत पाणी मुरते तिथे, म्हणजे भिंतीत शिरलेल्या टोकाला.

तुळया गिरणीत कापायला नेल्या. सुतारकाकांनी आधी लोहचुंबक फिरवून दिसतील तेवढे खिळे काढले होते. तरीही पहिल्याच कापात करवतीने कर्रकन आवाज केला. पट्ट्याचे दात गेले. गिरणीवाल्याने आमच्याकडून भरपाई घेतली आणि ती रास्तच होती. लाकूड उलटवून पाहिले, तर तुळईच्या बरोबर मध्यावर, खोल आत, बोटाएवढा जाड लोखंडी तुकडा मोडून अडकला होता. खालच्या बाजूने तो दिसत नव्हता, कारण भोक मेणाने आणि काजळीने बुजले होते. भोवती निळसर काळे वलय. लोखंड आणि साग वर्षानुवर्षे एकत्र राहिले, की असा डाग पडतो.

ह्यांनी तो तुकडा हातात घेतला. कोणी काही बोलले नाही.

टेबल कसे झाले

एका तुळईतून आठ इंच रुंदीच्या पाच फळ्या निघाल्या. त्या लगेच जोडल्या नाहीत. जुने लाकूड वाळलेलेच असते, मग थांबायचे कशाला, असे मला वाटले होते. सुतारकाका म्हणाले, ‘‘बाहेरून वाळलंय. आतला भाग आज पहिल्यांदा वारा बघतोय.’’ फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून त्या महिनाभर सावलीत रचून ठेवल्या. त्या अवधीत एक फळी थोडी वाकली. जोडल्यानंतर वाकली असती, तर टेबलच फाटले असते.

मग मापे. दुकानात टेबल घेतो तेव्हा आपण त्याच्या मापात बसतो. करून घेतो तेव्हा ते आपल्या मापात बसते. एका माणसाला जेवायला दोन फूट जागा लागते, म्हणून सहा माणसांसाठी सहा फूट बाय तीन फूट. उंची साधारणपणे तीस इंच असते. आम्ही एकोणतीस ठेवली, कारण घरात सासूबाई येऊन-जाऊन असतात आणि त्यांचे खांदे आता खाली आले आहेत.

पाय दुसऱ्या तुळईतून निघाले. पायाला भोक आणि आडव्या पट्टीला कुसू करून सांधे ठोकले, खिळा एकही नाही. साग तेलकट असल्याने सांधायच्या कडा आधी स्पिरिटने पुसून मगच सरस लावला, नाहीतर तो धरत नाही. आणि वरचा फळा खालच्या चौकटीला घट्ट चिकटवला नाही. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून खालून लाकडी गुट्टे बसवले, ते चौकटीच्या खाचेत थोडे मागेपुढे सरकतात. लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेवायची, एवढेच त्यातले मर्म.

कडीच्या भोकाचे काय करायचे, यावर घरात थोडी चर्चा झाली. सुतारकाका लाकडाचा भुसा आणि सरस भरून ते ‘दिसणार नाही असे’ करून देणार होते. लेक म्हणाली, ‘‘दिसू दे.’’ शेवटी त्यात त्याच तुळईची गोल खुंटी बसवली. भोवतीचे काळे वलय तसेच राहिले. वर जवसाच्या तेलाचे तीन हात दिले आणि टेबल पुण्याला निघाले.

तुम्हालाही करून घ्यायचे असेल तर

जुन्या लाकडाचे सामान करवून घेण्याची इच्छा अनेकांना होते. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

लाकूड घनफुटावर विकले जाते, तेव्हा हिशेब स्वतः करता यायला हवा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. सहा फूट लांब, छत्तीस इंच रुंद, सव्वा इंच जाड टेबलाच्या वरच्या फळ्याला १.९ घनफुटाच्या आसपास तयार लाकूड लागते. पाय, पट्ट्या आणि कापण्यातली घट धरून पाच घनफुटांची तयारी ठेवा.

रंग दिलेले लाकूड तसेच घेऊ नका. एका कोपऱ्यावर रंधा मारून दाखवायला सांगा. हातात घेऊन वजन पाहा, वास घ्या, टोकाकडून दळ पाहा. टोचा सहज आत शिरला किंवा भोकांतून पीठ पडले, तर ते लाकूड सोडा. कापायच्या आधी लोहचुंबक फिरवा, आणि तरीही आत खिळा निघणारच, असे समजून गिरणीवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

‘बर्मा टीक’ म्हणून कोणी नवे लाकूड दाखवले, तर कागद मागा. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. सागाची वाहतूक करताना वनखात्याचा परवाना लागतो का, हेही निघण्यापूर्वी विचारून घ्या. जुन्या घराचे लाकूड असले तर ते कुठल्या घराचे, याची पावती किंवा चिठ्ठी जवळ असावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बाजारात जाण्यापूर्वी आपल्याच गावी एक फोन करा. पडवीत, गोठ्यात, माळ्यावर आजोबांच्या घराचे काही ना काही पडलेले असते. घर अजून उभे असेल आणि मोडण्याचे ठरत असेल, तर एकगठ्ठा सौदा करण्याआधी घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा की यातले काय ठेवायचे. सगळे ठेवता येणार नाही, पण एक तुळई, एक उंबरठा ठेवता येतोच.

घर पाडल्यावर त्याचे काही राखणारी मंडळी चेट्टीनाडलाही आहेत. काही घरांची आता पाहुण्यांसाठी हॉटेले झाली आहेत. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या १९९६ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयात दक्षिणेतली जुनी घरे सुटी करून, आणून पुन्हा उभारली आहेत. त्यात चेट्टीनाडचेही घर आहे. २०१४ मध्ये चेट्टीनाडची गावे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मदुराई किंवा तिरुचिरापल्लीहून मोटारीने, किंवा चेन्नईहून रामेश्वरच्या गाडीने कारैकुडी जंक्शनला उतरता येते. दोन दिवस तरी हाताशी ठेवा. बाजारात घाईने काही घेऊ नका. निदान एक घर आतून पाहा, मगच दरवाजाची किंमत विचारा.

पहिले जेवण

टेबल लागले त्या रविवारी लेकीने सगळ्यांना जेवायला बोलावले. सासूबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू. कडीविषयी त्यांना आम्ही मुद्दामच काही सांगितले नव्हते. उगाच आशा लावायची आणि मग ती तुळई दुसरीच निघायची!

त्या खुर्चीत बसल्या, दोन्ही हात टेबलावर पसरले. ‘‘एवढं मोठं कशाला केलंत? आम्ही आपले पाटावर बसून जेवायचो,’’ म्हणाल्या. मग त्यांची बोटे फळीवरून सरकत सरकत त्या गोल खुंटीपाशी येऊन थांबली. दोनदा तिच्याभोवती फिरली.

‘‘इथे काय होतं?’’

ह्यांनी खिशातून लोखंडी तुकडा काढून त्यांच्या हातात ठेवला. सांगताना ह्यांचा आवाज बदलला होता. ‘‘आई, गोठ्यात सापडली. पाळण्याचीच असेल ना गं?’’

सासूबाईंनी तुकडा हाताने चाचपला. मला वाटले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण त्यांनी विचार केला आणि खरे तेच सांगितले. ‘‘काय सांगू? माजघरात दोन तुळयांना कड्या होत्या. एकीला पाळणा, दुसरीला शिंकं. त्यातली कुठली कोण जाणे.’’

आम्ही गप्प झालो. त्यांनीच मग तो तुकडा ताटाशेजारी ठेवला आणि पदर सारखा केला.

‘‘पाळण्याची का शिंक्याची, घरातलीच आहे ना? वाढा आता.’’